सत्तर टक्के कशाचे?

७० टक्के. नुकत्याच जन्मलेल्या हॅमस्टरच्या पिल्लांना माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा अर्क टोचला, काही महिने वाट पाहून मोजदाद केली, तर दहापैकी सुमारे सात पिल्लांच्या अंगात गाठी उभ्या राहिल्या होत्या. काळ १९५९-६० चा, जागा अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि प्रयोग करणाऱ्या बाई बर्निस एडी.

आता दुसरा आकडा घ्या. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिकेत ९ कोटी ८० लाख लोकांनी पोलिओच्या लशीचा निदान एक डोस घेतला. ही लस ज्या माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत, ती एडीबाईंच्या अर्कातल्याच जातीची होती. ऱ्हीसस, म्हणजे आपल्याकडची लाल तोंडाची माकडे. त्या दशकात उत्तर भारतात पकडलेली अशी माकडे वर्षाला लाखाच्या घरात परदेशी रवाना होत. १९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात थांबवली. लशीतला पोलिओचा विषाणू मारायला फॉर्मॅलिन घालत. पोलिओ मरे, पण ऱ्हीससच्या मूत्रपिंडात गुपचूप राहणारा दुसराच एक विषाणू पुरता मरत नसे. १९६० मध्ये मॉरिस हिलमन आणि बेन स्वीट यांनी तो वेगळा काढून दाखवला. माकडांत सापडलेला चाळिसावा, म्हणून त्याचे नाव एसव्ही-४०. नंतरच्या अंदाजानुसार १ ते ३ कोटी अमेरिकनांच्या अंगात लशीबरोबर हा पाहुणाही गेला असावा.

शाळेतले गणित असते तर उत्तर दोन ओळींत सुटले असते. १ कोटीचे ७० टक्के म्हणजे ७० लाख, ३ कोटींचे ७० टक्के म्हणजे २ कोटी १० लाख. एवढ्या लोकांना गाठी व्हायला हव्या होत्या. तसे झाले नाही. लस घेतलेल्यांचे गट वर्षानुवर्षे तपासले गेले, त्यांत कर्करोगाची वाढ दिसली नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सगळे पुरावे पुन्हा चाळले. अभ्यासांत त्रुटी आहेत, त्यामुळे संबंध आहे असे म्हणायला पुरावा अपुरा आणि नाही असे ठामपणे म्हणायलाही अपुरा, असा तिचा सावध निकाल. समितीची सावधगिरी योग्यच होती. पण लाखोंच्या गाठी कुठल्याही देशात लपून राहत नाहीत, हेही तितकेच खरे.

मग ते ७० टक्के कशाचे होते? गेली साठ वर्षे हा आकडा लशीला घाबरवणारेही वापरतात आणि प्राण्यांवरचे प्रयोग निरर्थक म्हणणारेही. दोघेही अंश वाचतात, छेदाकडे बघत नाहीत. त्या अपूर्णांकाच्या खाली ‘विषाणू शिरलेले जीव’ नव्हते, तर ‘नुकतीच जन्मलेली, परक्या जातीची पिल्ले’ होती. या दोन्ही विशेषणांवर सगळा हिशेब उभा आहे.

रानससा २५, घरचा ससा ७५

परक्या जातीचे काय महत्त्व, हे सशांइतके स्वच्छ कुणी दाखवलेले नाही. अमेरिकेत कॉटनटेल नावाचा रानससा आहे. शिकाऱ्यांना अधूनमधून शिंगे फुटलेला ससा दिसे. शिंगे कसली, डोक्यावर आणि मानेवर वाढलेल्या काळ्या, टणक चामखिळी. रॉकफेलर संस्थेचे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये त्या चामखिळी कुटल्या, पेशी आणि जंतू अडकतील अशा बारीक गाळणीतून तो द्रव गाळला आणि खरवडलेल्या कातडीवर चोळला. नव्या सशाला तशाच चामखिळी आल्या. चामखिळीचा हा विषाणू आज आपण ज्याला एचपीव्ही म्हणतो त्याच घराण्यातला.

पुढे असे दिसले की या चामखिळींचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण रानसशात सुमारे २५ टक्के, तर पाळीव सशात सुमारे ७५ टक्के. विषाणू एकच, तरी पाळीव सशात प्रमाण तिप्पट. पण खरी मेख पुढेच आहे. रानसशाच्या चामखिळीतून भरपूर जिवंत विषाणू मिळतो. पाळीव सशाच्या चामखिळीतून तो परत काढायला जावे, तर बहुधा हाती काहीच लागत नाही. म्हणजे जिथे कर्करोग जास्त, तिथे विषाणू कमी.

वाचायला उलटे वाटते, पण विषाणूच्या बाजूने विचार केला की सरळ होते. विषाणूला गाठीशी काही देणेघेणे नसते. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात आणि पुढच्या जिवात पोचायचे असते. ओळखीच्या घरात हे काम बिनबोभाट होते. परक्या घरात शिरला की सुरुवातीची यंत्रणा चालू होते, पेशीला ‘वाढ, दुभंग’ असे हुकूम सुटतात, पण पुढचे टप्पे अडतात. नवे विषाणू बनत नाहीत, पेशी फुटत नाही, मरत नाही. हुकूम मात्र चालूच राहतो. गाठ ही विषाणूची फसलेली खेप आहे.

एसव्ही-४० चे तेच. त्याचा सगळा जनुकसंच ५,२४३ अक्षरांचा, माणसाच्या ३ अब्ज अक्षरांपुढे एखादी चिठ्ठी. या चिठ्ठीतल्या ज्या प्रथिनाला टी-अँटिजेन म्हणतात, ते पेशीचे दरवान पकडून ठेवते. ऱ्हीससच्या मूत्रपिंडात विषाणू शांतपणे नांदतो, हॅमस्टरच्या पेशीत त्याचे तुकडे अडकून पडतात आणि गाठ होते. उलट दिशेचा दाखलाही आहे. १९६२ मध्ये ह्यूस्टनला जॉन ट्रेंटिन यांनी माणसाच्या सर्दी-खोकल्याच्या वर्गातला एक विषाणू, एडिनोव्हायरस १२, हॅमस्टरच्या पिल्लांना टोचला. गाठी आल्या. माणसाच्या विषाणूने प्राण्यात कर्करोग केल्याचा तो पहिलाच पुरावा. आणि माणसात? त्या विषाणूने कर्करोग होतो, असे आजवर दिसलेले नाही.

आता माणसाचे आकडे याच चष्म्यातून पाहा. एपस्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठीतून सापडला. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो आहे, बहुधा तुमच्या-माझ्याही. गाठ होते ती मोजक्यांना. एचटीएलव्ही-१ हा रक्ताचा कर्करोग करणारा विषाणू, पण तो ज्यांच्या अंगात आहे त्यांच्यातल्या शंभरापैकी तीन-पाच जणांनाच आयुष्यात तो रोग होतो. आपल्या घरातला विषाणू सहसा घर जाळत नाही. जाळतो तेव्हा अपवाद म्हणून, आणि तोही बहुतेकदा दशकांनी.

दुधाचा पांढरा ठिपका

दुसरे विशेषण ‘नुकतीच जन्मलेली’. याचे श्रेय लुडविक ग्रॉस यांना. पोलंडमधून आलेले हे निर्वासित डॉक्टर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करत. त्यांच्याकडे उंदरांचे दोन वंश होते. एकात, ‘एके’ नावाच्या वंशात, दहातल्या आठ-नऊ उंदरांना आपोआप रक्ताचा कर्करोग होई. दुसऱ्यात, सी३एच वंशात, तो जवळजवळ नव्हताच. आजारी उंदरांचा गाळीव अर्क निरोगी वंशाच्या मोठ्या उंदरांना टोचून काही होत नव्हते. ग्रॉस यांनी वय खाली आणले. जन्मून एक दिवसही न झालेल्या पिल्लांना टोचले आणि रोग उतरला. १९५१ मध्ये त्यांनी हे छापले तेव्हा कुणी विश्वास ठेवेना. इतरांनी मोठी पिल्ले घेऊन करून पाहिले आणि हात झटकले. आपले-परके ओळखण्याची शक्ती पिल्लाच्या अंगात यायची असते, तेवढ्या खिडकीतून विषाणू आत शिरतो, ही गोष्ट पचायला वेळ लागला. ग्रॉस यांचा प्रयोग पुन्हा करताना सारा स्ट्युअर्ट यांना लाळग्रंथीच्या गाठी दिसल्या. त्यांनी बर्निस एडींबरोबर तो विषाणू काचेच्या भांड्यातल्या पेशींत वाढवला. त्याने उंदरांत २० हून अधिक प्रकारच्या गाठी आणल्या, म्हणून नाव पडले पॉलिओमा.

पण पिल्लांची सर्वांत सुरेख मोजदाद याच्याही आधीची आहे. मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे, १९२९ ची. तिथे भावंडांतच जोड्या लावून लावून उंदरांचे शुद्ध वंश तयार करत. वंश शुद्ध म्हणायचा तर अशा निदान २० पिढ्या लागतात. सी३एच वंशाच्या जवळजवळ सगळ्या माद्यांना स्तनाच्या गाठी होत. म्हणजे आनुवंशिक, असे सगळ्यांनी धरले. मग कुणीतरी उलटसुलट संकर केले, आणि १९३३ मध्ये प्रयोगशाळेने जाहीर केले की लेकीला गाठ होणार की नाही हे आईकडून ठरते, बापाकडून नाही. गुणसूत्रांत दोघांचा वाटा सारखा असतो, मग आई जास्तीचे काय देते?

जॉन बिटनर यांनी दुधावर बोट ठेवले. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा दीड ग्रॅमसुद्धा नसते. गुलाबी, केस नसलेले, कातडी इतकी पातळ की दूध प्यायले की पोटात पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. दाई बदलायची तर हा ठिपका उमटायच्या आत पिल्लू उचलावे लागते. मग ते नव्या मादीच्या घरट्यातल्या भुशात घोळवायचे, म्हणजे वासाने ती त्याला झिडकारत नाही. असा उद्योग करून बिटनर यांनी गाठीच्या वंशाची पिल्ले बिनगाठीच्या वंशाच्या दाईखाली वाढवली. गाठींचे प्रमाण कोसळले. १९३६ मध्ये त्यांनी हे छापले. दुधातून जाणारी ही वस्तू विषाणू असावी असे दिसत होते, पण कर्करोग आणि विषाणू ही जोडी तेव्हा इतकी बदनाम होती की बिटनर वर्षानुवर्षे ‘दुधातला घटक’ असेच म्हणत राहिले. ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते हेच, फक्त ताकाऐवजी दूध.

हा धागा पुढे मुंबईत परळला येतो. कमल रणदिवे पुण्याच्या, जन्म १९१७, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेत वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली तशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या गाठी, आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा दुधातला विषाणू यांची गुंतवळ उंदरांवर सोडवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उंदरांच्या एका वंशाला त्या केंद्राच्याच इंग्रजी आद्याक्षरांनी, आयसीआरसी नावाने, जग ओळखते. परळच्या पत्त्यावरून जगाच्या वंशावळीत गेलेला हा आपला एक उंदीर.

आणि इथेच एक टक्केवारी घसरलेली पाहता येते. उंदरांत आहे तसा दुधातून जाणारा विषाणू बायकांतही असेल का? पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त, आणि लग्ने आपसातच होत आलेली, म्हणून संशोधकांची नजर तिकडे गेली. अमेरिकेतले डॅन मूर आणि मुंबईच्या केंद्रातल्या सत्यवती सिरसाट वगैरेंनी १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये आकडे दिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण ३९ टक्के पारशी बायकांच्या दुधात, सर्वसाधारण अमेरिकन बायकांच्या दुधात ५ टक्के, आणि घराण्यात हा रोग असलेल्या अमेरिकन बायकांच्या दुधात ६० टक्के. ५, ३९, ६०. इतकी देखणी चढण असली की कुणाचेही काळीज धडधडावे.

पण घराण्यात रोग असलेल्यांचा गट फार लहान होता. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. उंदरांचा वंश २० पिढ्यांत एकसारखा केलेला असतो, माणसांचा भात तसा शिजत नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखा दिसणारा प्रत्येक ठिपका विषाणू नसतो. पुढच्या तपासण्यांत हा फरक टिकला नाही. कर्करोग करणारे म्हणून जागतिक पातळीवर मान्य झालेल्या विषाणूंच्या यादीत आज स्तनाच्या कर्करोगाचा असा विषाणू नाही. या संशोधकांची चूक झाली असे मी म्हणणार नाही. उंदरात असलेली गोष्ट माणसात शोधायलाच हवी होती, त्यांनी शोधली आणि जे दिसले ते छेदासकट छापले.

५५ वर्षे आणि सात अमिनो आम्ले

सगळ्याचे मूळ एका कोंबडीत आहे. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस या तिशीतल्या डॉक्टरकडे एक प्लिमथ रॉक जातीची, पट्टेदार पिसांची कोंबडी आली. उजव्या छातीवर मोठी गाठ. राऊस यांनी त्या गाठीचे तुकडे तिच्याच गोतातल्या कोंबड्यांत रुजवले. काहींत ते जगले. पिढीगणिक गाठ तिखट होत गेली. मग त्यांनी गाठ वाळूबरोबर खलली, पाणी घातले, आणि जीवाणूही अडकतील अशा मातीच्या गाळणीतून गाळली. खाली उतरलेल्या द्रवात एकही पेशी नव्हती. तो टोचला, आणि गाठ आली. १९११ मध्ये हे छापले गेले.

कोपनहेगनमध्ये एलरमन आणि बँग या दोघांनी तीन वर्षे आधीच, १९०८ मध्ये, कोंबडीचा रक्ताचा कर्करोग असाच गाळीव द्रवाने उतरवला होता, पण रक्ताच्या त्या रोगाला तेव्हा कर्करोग मानतच नसत. राऊस यांच्या गाठीला नाकारणे अवघड होते. मग लोकांनी कोंबडीलाच नाकारले. पक्षी तो पक्षी, सस्तन प्राण्यांशी त्याचा काय संबंध! राऊस यांनीही काही वर्षांत हा विषय बाजूला ठेवला आणि रक्त टिकवण्याच्या द्रावणावर काम केले. ते पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या कामी आले.

नोबेलसाठी त्यांचे नाव पहिल्यांदा सुचवले गेले १९२६ मध्ये. त्या वर्षाचे पारितोषिक मिळाले डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना, उंदरांच्या पोटात जंतामुळे कर्करोग होतो या शोधासाठी. तो शोध पुढे खोटा ठरला. राऊस थांबले. १९६३ मध्ये त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना नोबेल मिळाले. जावयानंतर तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, सासऱ्यांचा नंबर लागला. वय ८७. शोध आणि पारितोषिक यांत अंतर ५५ वर्षे. वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये इतक्या वयाचा मानकरी अजून दुसरा झालेला नाही.

मधल्या काळात कर्करोगाचा विषाणू ही कल्पना बदनामीतून थेट डोक्यावर जाऊन बसली होती. १९६४ मध्ये अमेरिकन संसदेने रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूंसाठी खास कार्यक्रमाला १ कोटी डॉलर दिले. पुढे रक्कम वर्षागणिक वाढत गेली. अपेक्षा अशी की माणसाचा विषाणू सापडेल आणि लस निघेल. कोंबडी, उंदीर, मांजर, माकड, सगळ्यांत विषाणू सापडत गेले, माणसात हवा तो काही मिळेना. १९७४ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने या कार्यक्रमावर कडक टीका केली आणि त्या दशकाच्या अखेरीस तो गुंडाळला गेला. डोंगर पोखरून उंदीर काढला, आणि तोही प्रयोगशाळेतलाच, असे म्हणायचा मोह होतो.

तो आवरावा. कारण १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत भलतेच निघाले. राऊस यांच्या विषाणूत गाठ करणारे एकच जनुक आहे, त्याला सार्क म्हणतात. ते नसले तरी विषाणू मजेत जगतो. मग हे बिनकामाचे ओझे त्याच्याकडे आले कुठून? त्यांनी निरोगी कोंबडीच्या डीएनएत शोधले. सार्क तिथे होते. बदक, लावा, एमू, जो पक्षी तपासावा त्यात. पुढे माणसातही. विषाणूने ते कोंबडीच्याच पेशीतून कधीतरी उचलले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जग विषाणूमागे धावत होते आणि गाठीचे जनुक पेशीच्या काखेत होते. १९८९ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले.

उचललेला माल आणि मूळ माल यांतला फरक मोजता येतो. कोंबडीच्या सार्क प्रथिनात ५३३ अमिनो आम्ले, विषाणूच्या सार्कमध्ये ५२६. मूळ प्रथिनाच्या शेपटीची १९ गेली आणि त्या जागी भलतीच १२ बसली. हिशेब केला तर घट सातची. पण त्या गेलेल्या शेपटीतच ५२७ व्या जागी प्रथिनाचे बटण बंद करणारे टायरोसिन होते. बटण गेले, दिवा कायमचा चालू. मधेअधे काही अक्षरेही बदललेली आहेत, पण मुख्य गोष्ट शेपटीची.

यातला विरोधाभास राऊस यांना पाहायला मिळाला नाही. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बिघाड होऊन कर्करोग होतो हे मत त्यांना आयुष्यभर पटले नाही. नोबेलच्या व्याख्यानातही त्यांनी त्याची खिल्ली उडवली. १९७० मध्ये ते गेले, आणि सहा वर्षांनी त्यांच्याच विषाणूने ते मत सिद्ध केले.

मग रांगच लागली. १९६४ मध्ये जेनिफर हार्वी आणि १९६७ मध्ये वर्नर कर्स्टन यांना उंदरांत गाठी आणणारे दोन विषाणू मिळाले होते. त्यांतल्या जनुकांना रास म्हणतात. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीत हेच जनुक सापडले, एका अक्षराने बिघडलेले. बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. आज फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘केरास’ असा शब्द दिसतो, त्यातला ‘के’ म्हणजे कर्स्टन. एसव्ही-४० नेही आपले देणे दिले. गाठ झालेल्या प्राण्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे वापरून टी-अँटिजेन ओढून काढले की त्याला चिकटून आणखी एक प्रथिन येई. १९७९ मध्ये त्याची नोंद झाली. वजन ५३ हजार धरले म्हणून नाव पी५३. खरे वजन पुढे ४४ हजारांच्या आसपास भरले, नाव राहिले ते राहिले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे प्रथिन मोडलेले असते. हॅमस्टरच्या ७० टक्क्यांनी लशीबद्दल काही सांगितले नाही, पण पेशीचा मुख्य दरवान दाखवून दिला.

आणि एबल. १९७० मध्ये हर्बर्ट एबलसन यांना उंदरात मिळालेल्या विषाणूतले हे जनुक. माणसाच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, सीएमएलमध्ये, तेच जनुक दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून बेफाम होते. त्याला आवर घालणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये बाजारात आली. ती घेणारे ८९ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. भारतात या गोळीचे नाव वेगळ्याच कारणाने गाजले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. तेव्हा कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च १ लाख २० हजार रुपयांच्या आसपास आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. टाटा रुग्णालयाबाहेरच्या औषधाच्या दुकानात ही पट्टी मागणाऱ्याला मध्ये एक उंदीर आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

माणसाचा छेद

तर माणसाच्या कर्करोगांत विषाणूंचा वाटा किती? २०१८ साली जगात जंतुसंसर्गामुळे झालेले नवे कर्करोग सुमारे २२ लाख, म्हणजे एकूण कर्करोगांच्या १३ टक्के. त्यांत ८ लाख १० हजार हेलिकोबॅक्टर या पोटातल्या जीवाणूचे. विषाणूंत पहिला एचपीव्ही, ६ लाख ९० हजार. मग हिपॅटायटिस बी ३ लाख ६० हजार, हिपॅटायटिस सी १ लाख ६० हजार. १३ टक्के म्हणजे आठातला एक. सगळा कर्करोग विषाणूंचा असे मानणारे चुकले, आणि विषाणूंचा काही संबंध नाही म्हणणारेही.

हा आठवा हिस्सा टाळता येतो, हे पहिल्यांदा पुन्हा कोंबडीनेच सिद्ध केले. योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये बुडापेस्टला वर्णन केलेला कोंबड्यांचा रोग विषाणूमुळे होतो हे १९६७ मध्ये कळले आणि तीन-चार वर्षांत त्यावर लस आली. कुठल्याही जिवाच्या नैसर्गिक कर्करोगावरची ती पहिली लस. आज आपल्याकडच्या हॅचरीतही एक दिवसाच्या पिल्लाला ती मानेत टोचतात. कर्करोगाची लस हा माणसांसाठी नवलाईचा विषय असताना अंड्यांच्या धंद्यात ती रोजच्या खर्चाची बाब होऊन बसली होती.

माणसात पहिला पुरावा तैवानचा. तिथे १९८४ पासून नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस देऊ लागले. ६ ते १४ वयाच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१-८६ मध्ये लाखाला ०.७० होते, ते १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आले. निम्मे. त्या विषाणूचा जवळचा भाऊबंद १९७८ मध्ये वूडचक नावाच्या, घुशीच्या अंगलटीच्या प्राण्यात सापडलेला आहे, आणि जन्मतः लागण झालेल्या जवळजवळ प्रत्येक वूडचकला यकृताचा कर्करोग होतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या एचपीव्हीची अडचण निराळी. माणसाचा हा विषाणू दुसऱ्या कुठल्या प्राण्याला धरतच नाही. मग लस तपासायची कशावर? उत्तर शोप यांच्या सशांनी आणि बीगल कुत्र्यांनी दिले. सशाच्या, कुत्र्याच्या चामखिळीच्या विषाणूचे पोकळ कवच बनवले, आत जनुके नाहीत, नुसते टरफल. १९९५ च्या सुमारास ते टोचलेल्या प्राण्यांना नंतर खरा विषाणू लावला, चामखिळी आल्या नाहीत. त्याच धर्तीवर माणसाच्या विषाणूचे टरफल बनले, आणि २००६ मध्ये पहिल्या लशीला अमेरिकेत परवानगी मिळाली. स्वीडनमध्ये १६ लाखांहून अधिक मुली आणि तरुणींची नोंद तपासली गेली, निष्कर्ष २०२० मध्ये आला. १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्के कमी.

हे ८८ टक्के हॅमस्टरच्या ७० सारखे नाहीत. यांच्या छेदात माणसे आहेत, आपल्याच जातीची, आपल्याच घरातल्या विषाणूपुढे उभी.

भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १,२७,५२६ नवे रुग्ण आणि ७९,९०६ मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. म्हणजे दिवसाला सुमारे २१९ बायकांचा मृत्यू. लस पुण्यात बनते, जानेवारी २०२३ पासून बाजारात आहे आणि ती ९ ते १४ या वयात घेणे सर्वांत फायद्याचे. घरात त्या वयाची मुलगी असेल तर या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना एवढे एकच विचारा: तिचा डोस कधी द्यायचा?